आत्याचे कानमंत्र, मॉड्यूल वाजवणाऱ्या भाचीसाठी

सोनू, लॅपटॉपवर लिनक्स घातलंस, टर्मिनलची भीती गेली, आणि आता तुला जुनी ट्रॅकर मॉड्यूलं टर्मिनलमधूनच ऐकायची आहेत, असं तुझ्या बाबाने सांगितलं. ऐक, जरूर ऐक. माऊसच्या एका टिचकीवर वाजवणारे प्लेअर आहेतच. पण कमांड लाइनवरचा प्लेअर गाणं वाजवता वाजवता त्याच्या आतलं सगळं उघडून दाखवतो, आणि या संगीताची अर्धी गोडी त्या बघण्यात आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर, बाकीचं तिच्या मागोमाग येईल. एमपी३ म्हणजे होऊन गेलेल्या वादनाचं रेकॉर्डिंग. मॉड्यूल म्हणजे भजनी मंडळाची वही आणि टाळ, मृदंग, पेटी हे सगळं एकाच ट्रंकेत. वाद्यांच्या आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे सॅम्पल, आत असतात. कुठल्या ओळीवर कुठलं सॅम्पल कुठल्या सुरात वाजवायचं ते लिखाणही आत असतं. वाजवण्याचं काम प्रत्येक वेळी तुझ्या प्लेअरने करायचं. म्हणून प्लेअर निराळा तर गाणंही थोडं निराळं लागतं. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रामरने कमोडोरच्या अमिगासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर लिहिला, तिथून ही रीत सुरू झाली. प्रोट्रॅकर, स्क्रीम ट्रॅकर, फास्टट्रॅकर, इम्पल्स ट्रॅकर हे सगळे त्याच्याच वंशातले.

पर्यायांची नावं मी खाली उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टर्मिनलमध्ये त्या प्रत्येकाच्या आधी दोन डॅश लागतात, आणि स्पेलिंग अडलं तर प्लेअरला 'हेल्प' माग, तो पूर्ण यादी देतो.

१. सुरुवातीला दोनच प्लेअर बसव, एक्सएमपी आणि ओपनएमपीटी१२३ — एकात गाणं विचित्र वाटलं की लगेच दुसऱ्यात लावून बघता येतं, आणि दोष फाईलचा की प्लेअरचा ते तिथल्या तिथे कळतं. डेबियन-उबुंटूवर दोन्ही पॅकेजं याच नावांनी मिळतात.

२. वाजवण्याआधी 'फाईल' ही कमांड चालवून आत काय आहे ते विचारून घे — शेवटी डॉट मॉड असलेली प्रत्येक फाईल गाणं नसते. जेव्हीसीचे जुने कॅमकॉर्डर व्हिडिओला हेच शेपूट लावायचे आणि फोरट्रानचे कंपायलरही स्वतःच्या कामाच्या डॉट मॉड फाईली तयार करतात. ओळख आधी, आवाज नंतर.

३. शंका राहिलीच तर फाईल हेक्समध्ये उघड आणि पहिले १०८० बाइट सोडून पुढची चार अक्षरं वाच — चार चॅनलच्या नेहमीच्या मॉडमध्ये तिथे एम, टिंब, के, टिंब असं दिसतं. फास्टट्रॅकरची एक्सएम फाईल तर पहिल्याच ओळीत स्वतःला 'एक्सटेंडेड मॉड्यूल' म्हणवते, तिला ओळखायला एवढे कष्टही नकोत.

४. अगदी आरंभीच्या, १५ सॅम्पलच्या साउंडट्रॅकर फाईलींना ही चार अक्षरं नसतात — प्लेअरला आतल्या मांडणीवरून अंदाज बांधावा लागतो आणि कधी तो चुकतो. अशी फाईल 'ओळखता आली नाही' म्हटली म्हणून खराब समजून टाकून देऊ नकोस. दुसऱ्या प्लेअरला विचार.

५. नुसतं 'तारा डॉट मॉड' लिहून सगळी गाणी पकडली असं समजू नकोस — अमिगावर नाव उलटं लिहीत, मॉड आधी आणि गाण्याचं नाव मागाहून. जुन्या संग्रहांत निम्म्या फाईली तशाच सापडतात, आणि त्या बिचाऱ्या तुझ्या यादीत कधी येतच नाहीत.

६. डॉसवरून आलेल्या फाईलींची नावं सगळी मोठ्या अक्षरांत असतात. शोधताना मोठी-लहान अक्षरं सारखीच धरणारा पर्याय वापर — लिनक्सला 'ए' आणि 'ए' यांत फरक दिसतो, तुला आणि मला वाचताना दिसत नाही.

७. नावात जागा, कंस किंवा उद्गारचिन्ह असेल तर हाताने टाइप करत बसू नकोस, पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाब — शेल त्या खुणा स्वतःच नीट सांभाळून घेतो. ही गाणी लिहिणाऱ्या मंडळींना फाईलीच्या नावांतसुद्धा नक्षी काढायची हौस होती.

८. डॅशने सुरू होणाऱ्या नावाच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ लाव — नाहीतर प्लेअर त्या गाण्याला पर्याय समजतो आणि भलतंच काहीतरी करतो.

९. झिप, जीझिप किंवा एलएचएमध्ये बांधलेली फाईल एक्सएमपी तशीच उघडतो, ओपनएमपीटी१२३ला मात्र झिप सोडवून द्यावी लागते — 'चालत नाही' म्हणण्याआधी गाठोडं सुटलं आहे का ते बघ. अमिगावरच्या पॉवरपॅकरने आवळलेल्या फाईली मात्र दोघांनाही कळतात.

आता आवाजाचं. तू मोठ्या आवाजाची हौशी, ठाऊक आहे मला. म्हणून इथे जरा जास्त थांबते.

१०. नवीन फाईल लावताना हेडफोन कानाला नको, गळ्यात ठेव — मॉड्यूलांचा आवाज कुणी एका पातळीवर आणलेला नसतो. एक गाणं पुटपुटतं आणि पुढचं पहिल्याच ठोक्याला किंचाळतं. घाई बोटाची, शिक्षा कानाची.

११. मुळीच आवाज आला नाही तर फाईलला दोष देण्याआधी अल्सामिक्सर उघड आणि खांबांच्या खाली दोन एम दिसतात का बघ — म्हणजे तो मार्ग बंद आहे. एम दाबलं की उघडतो. दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात, असं माझं ठाम मत आहे.

१२. तबला-ड्रम फाटल्यासारखा वाजला तर सिस्टिमचा आवाज कमी करून उपयोग नाही, प्लेअरमधलाच कमी कर: एक्सएमपीत 'ॲम्प्लिफाय', ओपनएमपीटी१२३त 'गेन' — चॅनल एकत्र मिसळतानाच बेरीज मर्यादेबाहेर गेलेली असते, मागून कितीही हळू केलं तरी फाटलेलं फाटलेलंच राहतं. तीस-बत्तीस चॅनलच्या एक्सएम फाईलींना हे हमखास होतं.

१३. अमिगाचं गाणं हेडफोनवर ऐकताना डावं-उजवं अंतर कमी कर — ओपनएमपीटी१२३त 'स्टिरिओ' पुढे ३० किंवा ४० लिही, एक्सएमपीत 'पॅन'ची टक्केवारी खाली आण.

हे १३ नंबरचं नीट समजून घे. अमिगात आवाज काढणाऱ्या चिपचं नाव पॉला. तिला चार चॅनल: पहिला आणि चौथा पूर्ण डावीकडे, दुसरा आणि तिसरा पूर्ण उजवीकडे, मधे कुणीच नाही. खोलीत दोन स्पीकर ठेवून ऐकणाऱ्याला ते खटकत नसे, कारण भिंती आणि हवा आवाज मिसळून टाकतात. हेडफोनमध्ये मिसळायला काही नाही. बास एका कानात, धून दुसऱ्या कानात, आणि दोन गाण्यांत डोकं ठणकायला लागतं. म्हणून शंभर टक्के अंतर 'अस्सल' आहे असं कुणी सांगितलं तरी हेडफोनसाठी ते खाली आणायला बिचकू नकोस. संगीतकाराने गाणं लिहिलं ते स्पीकरसमोर बसून.

१४. जुन्या मॉडचा खरखरीत कोरडेपणा हवा असेल तर एक्सएमपीला 'अमिगा' हा पर्याय दे — तो पॉलाची नक्कल करतो. नेहमीचे प्लेअर दोन नमुन्यांमधली जागा गुळगुळीत भरतात, पॉला भरत नसे, आणि त्या काळचे लोक ती खरखर गृहीत धरूनच सॅम्पल निवडत.

१५. पण हाच पर्याय एक्सएम आणि इम्पल्स ट्रॅकरच्या आयटी फाईलींवर लादू नकोस — ती गाणी पीसीच्या साउंड कार्डासाठी लिहिलेली आहेत, त्यांना पॉलाशी काही देणंघेणं नाही.

१६. एखादं मॉड एकाएकी दबल्यासारखं, अंगावर घोंगडी घेतल्यासारखं वाजलं तर फिल्टर आठव — अमिगात उंच सूर कापणारा फिल्टर गाण्यातल्या एका आज्ञेने चालू-बंद करता येई, आणि अमिगा ५०० वर त्याच्याबरोबर पॉवरचा दिवाही मंद-प्रखर होई. ते संगीतकाराने मुद्दाम केलेलं असतं, तुझ्या वायरीत बिघाड नाही.

वेगाबद्दल थोडं गणित सांगते, पोटापुरतंच. नेमलेला वेग नसेल तर मॉड सेकंदाला ५० टिक धरून चालतं आणि एका ओळीला सहा टिक देतं. म्हणजे एक ओळ ०.१२ सेकंद, आणि ६४ ओळींचा एक पॅटर्न ७.६८ सेकंद. हा पॅटर्न फाईलमध्ये जेमतेम १,०२४ बाइट खातो: ६४ ओळी, चार चॅनल, प्रत्येक घरात चार बाइट. बाकी सगळी जागा सॅम्पलांची. तेव्हा तीन-चार मिनिटांचं गाणं दीडशे किलोबाइटांत कसं मावतं, याचं उत्तर तुला मिळालं.

१७. गाणं अचाट वेगाने किंवा रखडत चाललं तर 'व्हीब्लँक' हा पर्याय एक्सएमपीला देऊन बघ — वेगाची आज्ञा एकच, पण ३२ पासून पुढचा आकडा आला की नवे ट्रॅकर तो ताल धरतात आणि जुने तो टिकांची संख्या धरत. फाईल स्वतः यातलं काही सांगत नाही. कानानेच ठरवावं लागतं.

१८. गाणं संपलं की प्लेअर थांबतो, हवं असेल तर 'लूप' दे. आणि लूप दिलास तर 'टाइम'ने सेकंदांची मर्यादाही दे — पुष्कळ मॉड्यूलं शेवटच्या ओळीवरून मागे उडी मारण्यासाठीच लिहिलेली असतात, खेळात आणि डेमोत, म्हणजे चित्र-संगीताची करामत दाखवणाऱ्या प्रोग्रामांत, ती तशीच फिरत. तू झोपून जाशील, ते थांबणार नाही.

१९. फाईल मोठी आणि गाणं आखूड वाटलं तर 'ऑल-सीक्वेन्सेस' लावून ऐक — एकाच फाईलीत दोन-तीन गाणी ठेवायची पद्धत होती, मुख्य गाण्याच्या मागे पराभवाची धून, विजयाची धून. साधा प्लेअर पहिलं वाजवून गप्प बसतो.

आता जिथे हात ठेवून शिकायचं, त्याकडे येते. वाजत असताना एक्सएमपी तुझ्या बोटांकडे लक्ष ठेवून असतो.

२०. पहिल्या दिवशी सात कळा शिक: स्पेसने थांबव, क्यूने बाहेर पड, एन आणि पीने पुढचं-मागचं गाणं, एफ आणि बीने पुढचा-मागचा पॅटर्न, आणि एचने मदत — बाकीच्या कळा मग मदतीच्या यादीतून आपसूक अंगवळणी पडतात.

२१. आकड्यांच्या कळांनी चॅनल बंद-चालू होतात. एकेक बंद करून ऐक, आणि सगळे परत हवेत तर उद्गारचिन्ह दाब — रेकॉर्डिंग असं उसवता येत नाही, मॉड्यूल येतं. कान एकच आहे, त्याला एका वेळी एकच काम दे.

२२. चारपैकी तीन बंद करून उरलेल्या एकात 'ट्रर्र' असा थरथरता कॉर्ड ऐकू आला तर थांबून ऐक — तो कॉर्ड नाहीच. तीन सूर टिकामागून टिक, सेकंदाला पन्नास पावलांनी, एकाच चॅनलवर फिरवलेले असतात, म्हणजे बास, ड्रम आणि धुनेसाठी बाकीचे तीन चॅनल मोकळे राहतात.

२३. हा प्रयोग 'स्पेस डेब्री' या मॉडवर कर — फिनलंडच्या कॅप्टन या टोपणनावाच्या मुलाचं हे गाणं. त्याचं नाव मार्कुस कार्लोनेन, आणि पुढे पोएट्स ऑफ द फॉल या बँडचा तो कीबोर्डवादक झाला. चार चॅनलमध्ये एवढं मोकळं आकाश कसं मावलं, ते एकेक चॅनल ऐकल्याशिवाय कळत नाही.

२४. त्यानंतर 'सेकंड रिॲलिटी'चं संगीत स्क्रीम ट्रॅकरच्या एस३एममध्ये मिळव — १९९३ च्या असेम्ब्ली या डेमोंच्या मेळाव्यात पहिला आलेला फ्यूचर क्रू या गटाचा डेमो तो, संगीत पर्पल मोशन आणि स्कावेन यांचं. चारांहून अधिक चॅनल मिळाल्यावर हात कसे सैल सुटतात, ते लगेच ऐकू येतं.

२५. 'अनरिअल' किंवा 'अनरिअल टूर्नामेंट'ची सीडी कुणाकडे असेल तर तिच्यातल्या यूएमएक्स फाईली प्लेअरला दे — त्यांच्या पोटात ट्रॅकर मॉड्यूलंच आहेत, अलेक्झांडर ब्रँडन आणि मिखिएल व्हान डेन बॉस यांची. पडद्यावर धावपळ नसली की ते संगीत कितीतरी जास्त ऐकू येतं.

२६. फाईल लावताना 'व्हर्बोज' द्यायला विसरू नकोस — सॅम्पलांची नावं दिसतात, आणि तीच या फाईलींची खरी चिठ्ठी आहे.

इथे मी थांबणारच, बाकीचं घाईने सांगेन. मॉडमध्ये गाण्याच्या नावाला २० अक्षरं आणि प्रत्येक सॅम्पलच्या नावाला २२ अक्षरं. सॅम्पल ३१. म्हणजे 'बास', 'स्नेअर' अशी नावं देण्यासाठी ३१ छोट्या ओळी. पण ही गाणी लिहिणाऱ्या पोरांनी त्या ओळी वाद्यांच्या नावांवर खर्च केल्याच नाहीत. पहिल्या ओळीत गाण्याचं नाव, दुसरीत स्वतःचं टोपणनाव, मग गटाचं नाव, मग अमक्याला नमस्कार, तमक्याला नमस्कार, कुठे घरचा पत्ता, कुठे 'हे सॅम्पल वापरलंत तर माझं नाव घाला' अशी विनंती. रिकाम्या सॅम्पलांच्या जागाही सोडल्या नाहीत. आयटी आणि इतर काही प्रकारांत संदेशासाठी वेगळी जागा आली तरी सॅम्पलांच्या नावांतून बोलायची सवय सुटली नाही. एक्सएमपीत सी दाबलं की तो संदेश दिसतो. मोबाइलवरच्या सुंदर चेहऱ्याच्या प्लेअरांत यातलं एक अक्षर दिसत नाही, आणि माझ्या मते टर्मिनलच्या बाजूने एवढं एकच कारण पुरेसं आहे.

२७. सॅम्पलांची नावं 'साफ' करणाऱ्या कुठल्याही साधनाच्या नादी लागू नकोस — त्या ओळी पुसल्या की गाणं निनावी होतं, आणि निनावी गाण्याचा माग पुन्हा लागत नाही. नाव जपलं त्याने गाणं जपलं.

२८. नावांच्या जागी चौकटी आणि विचित्र खुणा दिसल्या तर ती अक्षरं सीपी४३७ समजून आयकॉन्व्हमधून काढ — डॉसवर रेघांची नक्षी याच संकेतात काढत. अमिगाच्या फाईलींना मात्र लॅटिन-१ लाव, फिनिश-स्वीडिश नावं नीट दिसतील.

२९. ऐकता ऐकता आवडलेल्या गाण्याची नोंद एका साध्या मजकूर फाईलीत कर: फाईलचं नाव, संगीतकार, आणि काय आवडलं त्याचे दोन शब्द — डॉसवरच्या फाईलींची नावं आठ अक्षरांत कोंबलेली असतात, महिन्याभराने कुठलं गाणं कुठलं ते देवही सांगणार नाही.

३०. आयटी आणि एक्सएमसाठी माझा कौल ओपनएमपीटी१२३ला, जुन्या अमिगा मॉडसाठी एक्सएमपीला — पहिल्याच्या लेखकांनी त्या ट्रॅकरांच्या खोडी एकेक करून उतरवल्या आहेत, दुसऱ्याकडे तुला हात घालून बघायला जास्त वाव आहे.

३१. एएचएक्स किंवा टीएफएमएक्ससारखे अमिगाचे आडवळणी प्रकार हाती आले तर यूएडीई१२३ बसव — तो अमिगाच्या मूळ वादक प्रोग्रामांनाच नक्कल-यंत्रावर चालवतो. त्याआधी त्याची गरज नाही.

३२. सबंध फोल्डर ऐकायचं असेल तर 'रँडम' लाव — वर्णक्रमाने ऐकलं की 'ए'च्या पुढे कुणी जात नाही. तू तर 'ए'सुद्धा पुरं करायची नाहीस.

३३. प्लेअर बंद करताना क्यूच दाब, किल चालवू नकोस — प्लेअर कळा पकडण्यासाठी टर्मिनलचा प्रतिध्वनी, म्हणजे टाइप केलेलं पडद्यावर उमटणं, बंद करतो, आणि तो अचानक मेला तर परत चालू करायला कुणी उरत नाही.

३४. तसं झालंच आणि टाइप केलेलं दिसेनासं झालं तर न दिसता 'रीसेट' लिहून एंटर दाब — टर्मिनल ताळ्यावर येतं, मशीन रीस्टार्ट करायची काही गरज नसते.

३५. कंट्रोल-झेडने प्लेअर झोपवून दुसरं काही लावू नकोस — तो थांबलेला दिसतो, पण साउंड कार्ड मुठीत धरून बसलेला असू शकतो, मग दुसऱ्याचा आवाज निघत नाही. काम करता करता ऐकायचं तर टीमक्सच्या वेगळ्या खिडकीत लाव.

३६. रूट होऊन गाणी वाजवू नकोस, कधीच — मॉड्यूल म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेली बायनरी फाईल. ती वाचणाऱ्या लायब्रऱ्यांत सुरक्षेच्या चुका आजवर अनेकदा सापडल्या आणि दुरुस्त झाल्या आहेत.

३७. त्याच कारणासाठी प्लेअर अद्ययावत ठेव, आणि जुनी मोडप्लग लायब्ररी वापरणारं काही असेल तर लिबओपनएमपीटीकडे वळ — गाणं तीस वर्षांचं चालेल, वाजवणारा नवा हवा.

३८. एखाद्या मैत्रिणीला पाठवायला डब्ल्यूएव्ही हवी असेल तर ओपनएमपीटी१२३चा 'रेंडर' वापर, आणि जागा आधी बघ — सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला साधारण साडेदहा एमबी घेतो. चार मिनिटांचं गाणं बेचाळीस एमबीला जातं, मूळ फाईल दीड-दोनशे केबीची असली तरी.

३९. 'फोर्स' हा पर्याय सवयीने लावू नकोस — तो नसेल तर आधीच्या नावाची फाईल पुसायला प्लेअर नकार देतो, आणि तो नकार तुझ्या भल्याचा असतो.

४०. रूपांतर केलंस तरी मूळ मॉड्यूल पुसू नकोस — मूळ जवळ असेल तर नकला हव्या तितक्या काढता येतात, नकलेतून चॅनल, सॅम्पल आणि नमस्कार परत निघत नाहीत.

४१. फाईली एका जागेवरून दुसरीकडे नेताना तारीख राखणारी कॉपी कर — गाणं कधीचं, याचा कित्येकदा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

४२. गाणी घ्यायची तर नाव-गाव राखणाऱ्या जागेवरून घे. मॉड आर्काइव्ह १९९६ पासून चालू आहे, मॉडलँड आहे, अमिगा म्युझिक प्रिझर्वेशनमध्ये संगीतकारांच्या नोंदी आहेत — तिथे गाण्याबरोबर माणूसही सापडतो. कुणीतरी कुठेतरी भरलेल्या 'दहा हजार मॉड'च्या गाठोड्यात माणूस हरवलेला असतो.

४३. तुझ्या कॉलेजच्या लघुपटात यातलं गाणं घालायचं मनात आलं, आणि ते येणारच, तर आधी परवानगी घे — फुकट वाटलं म्हणून ते बेवारस होत नाही. काही गाण्यांसोबत वापराच्या अटी स्पष्ट लिहिलेल्या असतात; जिथे नसतात तिथे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

४४. आणि संगीतकाराचं नाव सापडलं तर त्याला शोध. या फाईली लिहिणारे बहुतेकजण तेव्हा विशीच्या आतले होते, आज पन्नाशीच्या आगेमागे आहेत, आणि त्यातले पुष्कळ अजून संगीत करतात. गाणं मनापासून आवडलं असेल तर तेवढ्या दोन ओळी त्याला लिही, कुठल्या चॅनलमध्ये काय आवडलं तेही सांग. हे काम मात्र पुढच्या सुट्टीवर ढकलू नकोस.